पत्र नाकारा, पण दारातच नाकारा : मोठ्या ई-मेल सेवादात्यांना खुले पत्र

प्रति,
मोठ्या ई-मेल सेवा चालवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन,
घरगुती इंटरनेट जोडण्या देणाऱ्या कंपन्या,
आणि आयपी पत्त्यांच्या, म्हणजे इंटरनेटवरील यंत्रांच्या आकडी पत्त्यांच्या, काळ्या याद्या प्रसिद्ध करणाऱ्या संस्था

विषय : घरून चालवल्या जाणाऱ्या लहान मेल सर्व्हरना मिळणारी वागणूक

महोदय,

मी माझ्या घरी एक मेल सर्व्हर, म्हणजे ई-मेल घेणारा, ठेवणारा आणि पाठवणारा संगणक, चालवते. त्यावर तीन प्रोग्रॅम आहेत : पोस्टफिक्स पत्रे घेते आणि पाठवते, डोव्हकॉट ती पेट्यांमध्ये ठेवते आणि आरस्पॅमडी येणाऱ्या पत्रांतले स्पॅम चाळते. घरातल्या आणि अगदी जवळच्या मोजक्या माणसांची खाती त्यावर आहेत. या सर्व्हरवरून आजवर एकही जाहिरात गेलेली नाही, कोणालाही न विचारता पाठवलेले पत्रक गेलेले नाही, आणि खात्याचा पासवर्ड सिद्ध केल्याशिवाय कोणालाही त्यातून पत्र पुढे पाठवता येत नाही.

हे पत्र लिहिण्याला दोन गोष्टी कारण झाल्या. माझ्या भाचीला एका संस्थेने मुलाखतीची वेळ कळवली आणि होकार मागवला. तिने त्याच पत्राला उत्तर दिले. आपल्यापैकी एकाच्या सर्व्हरने ते उत्तर स्वीकारले, ‘२५०’ हा ‘घेतले’ असे सांगणारा संकेतांक परत पाठवला, आणि तशी ओळ माझ्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, आजही आहे. संस्थेने वाट पाहिली आणि ती वेळ दुसऱ्याला दिली. पुढे चौकशी केल्यावर ते उत्तर संस्थेच्या स्पॅमच्या कप्प्यात सापडले, जो कप्पा तिथे कोणी उघडत नाही. त्याच सुमारास माझ्या इंटरनेट कंपनीने कळवले की घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारे पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना ज्या दारातून पत्रे देतात ते, बंद होत आहे आणि आयपी पत्त्याची उलट नोंद (पीटीआर), म्हणजे त्या पत्त्यामागचे नाव सांगणारी नोंद, यापुढे फक्त व्यावसायिक ग्राहकांनाच मिळेल. एका बाजूने दिलेले पत्र दडवले जाते आणि दुसऱ्या बाजूने पत्र देण्याचा रस्ताच बंद होतो, अशा स्थितीत खासगी तक्रार अर्ज भरत बसण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहे.

घरी सर्व्हर चालवणे हा निव्वळ छंद असल्याचे समजले जाते, म्हणून माझी बाजू आधी सांगते. आज ई-मेलचा पत्ता ही माणसाच्या बहुतेक सगळ्या व्यवहारांची किल्ली आहे, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच पत्त्यावर येतात. तो पत्ता एखाद्या कंपनीच्या नावाखाली असेल आणि तिच्या स्वयंचलित तपासणीला काही खटकून खाते बंद झाले, तर त्या माणसाला पत्र तर मिळत नाहीच, दाद मागायची जागाही मिळत नाही. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवर स्वतःसाठी नोंदवलेल्या नावावर, पत्ता आणि स्वतःच्या डिस्कवर पत्रे ठेवली, तर हा धोका टळतो. यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही, असे निदान या व्यवस्थेचे मूळ नियम सांगतात. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमपत्रात एसएमटीपीची, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला पत्र देण्याच्या पद्धतीची, मांडणी झाली. तिच्यात एक यजमान संगणक दुसऱ्याला पत्र देतो, आणि देणारा किती मोठा आहे असा प्रश्न कुठे येत नाही.

मात्र १९८२ चे जग राहिलेले नाही, हे मला मान्य आहे. पाठवणाऱ्याचे नाव खोटे लिहिणे अतिशय सोपे होते, म्हणून ओळख सिद्ध करण्याचे उपाय टप्प्याटप्प्याने आले. डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे जाहीर करणारे एसपीएफ २००६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात नोंदले गेले आणि २०१४ मध्ये अधिकृत प्रमाण होण्याच्या मार्गावर आले, पत्रावर सही करणारे डीकेआयएम २००७ मध्ये आले, आणि या दोहोंची सांगड घालून काय करावे हे सांगणारे डीमार्क २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगल आणि याहू यांनी जाहीर केले की फेब्रुवारी २०२४ पासून प्रेषकांना या गोष्टी पाळाव्या लागतील. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी गूगलने तिन्ही उपाय सक्तीचे केले, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट घातली. मला तो निर्णय योग्य वाटला. ५,००० पत्रे माझ्या सर्व्हरवरून वर्षभरातही जात नसतील, तरी मोठ्यांसाठी असलेल्या सगळ्या अटी मी पाळते.

त्या पाळणे म्हणजे काय, हे आपल्या निर्णय घेणाऱ्या मंडळींना ठाऊक असावे. २०४८ बिटांची डीकेआयएम किल्ली डीएनएसच्या, म्हणजे डोमेनची माहिती सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीच्या, एका तुकड्यात मावत नाही, कारण एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची असते. ती नीट तोडून अवतरणचिन्हांत घातली नाही तर सही खरी असूनही तपासणीत नापास होते. एसपीएफच्या नोंदीत दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या होऊ लागल्या की ती सगळी नोंदच निकामी ठरते. आयपी पत्त्याची उलट नोंद ज्या नावाकडे बोट दाखवते, त्या नावाने पुन्हा त्याच पत्त्याकडे बोट दाखवावे लागते. सर्व्हरची ओळख पटवणारी लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची ९० दिवसांची प्रमाणपत्रे आपोआप नवी होतात, पण पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट यांना ती पुन्हा वाचायला लावले नाही, तर डिस्कवर नवे प्रमाणपत्र असताना बाहेर मुदत संपलेलेच दाखवले जाते. हे सगळे कष्टाचे असले तरी त्याबद्दल माझी तक्रार नाही. यातली प्रत्येक चूक शोधता येते, कारण प्रत्येक ठिकाणी यंत्र काहीतरी उत्तर देते. जिथे उत्तरच मिळत नाही, तिथून माझी तक्रार सुरू होते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ‘२५०’ या उत्तराबद्दल आहे. एसएमटीपीच्या संवादात पत्राचा मजकूर देऊन झाल्यावर समोरचा सर्व्हर एक आकडा परत पाठवतो. चारशेच्या घरातला आकडा असेल तर ‘आता नाही, पुन्हा या’, पाचशेच्या घरातला असेल तर ‘घेणार नाही’, आणि २५० असेल तर ‘घेतले’. आरएफसी ५३२१, म्हणजे या व्यवस्थेची २००८ ची नियमावली, सांगते की २५० म्हणणाऱ्या सर्व्हरने ते पत्र पोचवण्याची जबाबदारी पत्करलेली असते, ती त्याने गांभीर्याने घ्यावी, आणि क्षुल्लक कारणाने पत्र हरवू देऊ नये. गपचूप टाकून देण्याची मुभा ती नियमावली जवळजवळ निश्चितपणे गंभीर फसवणुकीच्या किंवा अन्यथा अनुचित असलेल्या पत्रांपुरतीच ठेवते. आपल्यापैकी काहींकडे मात्र २५० मिळाल्यानंतर पत्राचे तीन शेवट होऊ शकतात : ते इनबॉक्समध्ये दिसते, स्पॅमच्या कप्प्यात जाते, किंवा कुठल्याच कप्प्यात दिसत नाही. पाठवणाऱ्याला तिन्ही वेळा एकच उत्तर मिळते. ज्याला पाठवले त्यालाही, शेवटच्या प्रकारात, काही कळत नाही.

५५० हा आकडा कोणाला आवडत नाही, पण तो उपयोगी असतो. तो आला की पत्र परत येते, पाठवणाऱ्याला कळते, आणि तो फोन करू शकतो किंवा दुसऱ्या मार्गाने निरोप देऊ शकतो. माझ्या भाचीला ५५० मिळाला असता तर तिने त्याच दिवशी संस्थेला फोन केला असता. गप्प राहण्याचे कारण म्हणून सांगितले जाते की स्पष्ट नकार दिला तर स्पॅम पाठवणारे त्यातून शिकतात. हे कारण काही प्रमाणात खरे असेल. पण स्पॅम पाठवणारे आपल्याच सेवेवर खाते उघडून, आपले पत्र कुठे पडते ते स्वतः पाहू शकतात आणि पाहतातही. मौनाची झळ त्यांना फारशी लागत नाही; ती लागते सरळ मार्गाने एकच पत्र पाठवणाऱ्याला.

दुसरी तक्रार ‘प्रतिष्ठा’ मोजण्याच्या पद्धतीची आहे. आपण प्रत्येक पाठवणाऱ्या पत्त्याची आणि डोमेनची पत ठरवता, आणि ती पूर्वीच्या वागणुकीवरून ठरवता, हे रास्त आहे. परंतु पत दिसण्यासाठी पत्रांची संख्या लागते. प्रेषकांसाठी दिलेल्या तक्त्यांमध्ये लहान सर्व्हरच्या नावापुढे काहीच दिसत नाही, कारण पाठवलेली पत्रे आकडे दाखवण्याइतकी नाहीत. म्हणजे जो कमी पाठवतो त्याची नोंद नाही, जिथे नोंद नाही तिथे विश्वास नाही, आणि विश्वास मिळवण्यासाठी सल्ला काय, तर संख्या हळूहळू वाढवत न्या. घरगुती पत्रव्यवहार कोणी मुद्दाम वाढवावा कसा? हा सल्ला जाहिराती पाठवणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे आणि त्यांनाच तो लागू पडतो.

यातली सर्वांत विचित्र गोष्ट अशी की माझी बाजू आपलीच कागदपत्रे मांडतात. डीमार्कच्या व्यवस्थेनुसार आपल्यापैकी अनेक जण मला नियमितपणे अहवाल पाठवता, आणि त्याबद्दल मी खरोखर आभारी आहे. त्या अहवालांत माझ्या पत्रांपुढे एसपीएफ उत्तीर्ण, डीकेआयएम उत्तीर्ण, डोमेन जुळते असे लिहिलेले असते. पत्र खरोखर माझेच आहे हे सिद्ध झाल्यावरही ते संशयितांच्या कप्प्यात टाकायचे असेल तर तो संशय कशाचा, हे कुठेतरी लिहिलेले असायला हवे. ते कुठेही लिहिलेले नाही. विचारणा करायची तर एक अर्ज असतो, अर्जाला आपोआप उत्तर येते, आणि त्यात बहुधा इतकेच असते की आपल्या पत्त्यावर कोणताही प्रतिबंध आढळला नाही. पोस्टमास्टर या नावाचा पत्ता प्रत्येक मेल सर्व्हरने चालू ठेवावा हा नियम आरएफसी ५३२१ मध्येही कायम आहे. माझ्या डोमेनवर तो पत्ता आहे आणि त्यावर आलेले पत्र माणूस वाचतो. आपल्याकडे हजारो माणसे कामाला असताना हे का जमू नये?

याच ओघात एक गोष्ट सांगायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या स्पॅमचा मोठा भाग अनोळखी सर्व्हरवरून येत नाही, आपल्याच सेवांवर उघडलेल्या खात्यांवरून येतो, आणि त्यावर आपली वैध डीकेआयएम सही असते. मी आपले पत्ते अडवू शकत नाही, कारण तसे केले तर माझ्या घरच्यांचा निम्म्या जगाशी संपर्क तुटेल. पुष्कळ लहान सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला आधी ‘थोड्या वेळाने या’ असे सांगतात. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅम पाठवणारा बहुधा येत नाही. आपले सर्व्हर मात्र परत येताना दरवेळी वेगळ्या आयपी पत्त्यावरून येतात, त्यामुळे ही साधी युक्ती चालत नाही आणि आम्हाला आपल्यासाठी अपवादांची यादी ठेवावी लागते. ती आम्ही ठेवतो. आपल्या सोयीसाठी आम्ही नियम वाकवतो, आणि आमच्यासाठी आपण नियम सांगायलाही तयार नसता, हा व्यवहार बरोबरीचा नाही.

आता इंटरनेट कंपन्यांना उद्देशून. घरगुती जोडण्यांवर पोर्ट २५ मुळात बंद ठेवण्याला माझा विरोध नाही. व्हायरस शिरलेले घरचे संगणक मालकाच्या नकळत स्पॅम पाठवत सुटतात, हा अनुभव सर्वांना आहे, आणि सामान्य माणसाला पत्र पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट पुरतात. विरोध आहे तो ग्राहकाने लेखी मागूनही ते न उघडण्याला, आणि बंदी कोणालाही कळणार नाही अशा पद्धतीने घालण्याला. जोडणीसाठी पाठवलेली माहितीची पाकिटे आपण नाकारत नाही, नुसती गिळून टाकता. त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘जोडणीची वेळ संपली’ एवढेच येते, पत्रे रांगेत साचत जातात, आणि नवखा माणूस आधी स्वतःच्या फायरवॉलमध्ये, मग राउटरमध्ये, मग पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो. दोष तिथे नसतोच. मदतकेंद्राला फोन केला तर वेबपाने उघडत आहेत ना, असे विचारून तक्रार मिटवली जाते.

पीटीआर नोंदीचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. डोमेन माझे असले, तरी आयपी पत्त्याची उलट नोंद ज्याच्या ताब्यात तो पत्ता आहे त्यालाच, म्हणजे आपल्यालाच, बदलता येते किंवा सोपवता येते. ती नसली, किंवा तिच्यात आपण आपोआप तयार केलेले आकड्यांचे नाव असले, तर अनेक सर्व्हर पत्र घेण्याआधीच दार लावून घेतात. एक ओळ लिहिण्याचे हे काम व्यावसायिक जोडणीच्या महागड्या योजनेत अडकवण्याला कोणतेही तांत्रिक कारण मला दिसत नाही. जिथे अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो, तिथे अडचण निराळी आहे. राउटरला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता मिळतो, जो २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला, आणि बाहेरून येणारे पत्र घरापर्यंत पोचूच शकत नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले हे मला माहीत आहे. मोकळ्या साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटले गेले. पण मग आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा कायमचा पट्टा आणि त्याच्या उलट नोंदींचा ताबा ग्राहकाला द्या. तिथे पत्त्यांची टंचाई नाही.

ज्यांच्या आधारे सर्व्हर पत्रे अडवतात त्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्थांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यात सर्व एकसारख्या नाहीत. स्पॅमहॉसची पीबीएल ही यादी घरगुती पत्त्यांचे पट्टे नोंदवते, परंतु ही नोंद म्हणजे स्पॅमचा आरोप नव्हे असे ती संस्था स्वतः सांगते, आणि स्थिर पत्त्यावर सर्व्हर चालवणाऱ्याला आपला एक पत्ता त्यातून काढून घेण्याची सोयही देते. हे वागणे योग्य आहे. याउलट काही याद्या शेजारच्या पत्त्याच्या वागणुकीवरून अख्खे नेटवर्क नोंदवतात आणि नाव लवकर काढायचे असेल तर पैसे मागतात. अशा याद्यांवर विसंबून पत्रे अडवणारे सर्व्हर चालक त्या आकारणीला अप्रत्यक्ष बळ देतात, एवढे त्यांनी लक्षात घ्यावे.

‘एवढा खटाटोप कशाला, जाणाऱ्या पत्रांसाठी एखादा रिले, म्हणजे पत्रे पुढे पोचवून देणारा दुसऱ्याचा सर्व्हर, भाड्याने घ्या,’ असे मला अनेकदा सांगितले गेले आहे. पोर्ट २५ बंद झाल्यापासून मी तेच करत आहे, आणि ज्यांना ते सोयीचे वाटते त्यांनी अवश्य करावे. पण त्यामुळे माझी पत्रे तिसऱ्याच्या यंत्रातून जातात, आणि त्याच रिलेच्या पत्त्यावरून दुसऱ्या ग्राहकाने स्पॅम पाठवले तर त्याचा कलंक मला लागतो. पर्याय म्हणून रिले ठीक आहे. सक्ती म्हणून तो स्वीकारला, तर स्वतंत्रपणे पत्र देऊ शकणारे मूठभर सर्व्हर तेवढे उरतील, आणि त्यांच्यात नसलेल्या प्रत्येकाला त्यांच्यापैकी कोणाचा तरी ग्राहक व्हावे लागेल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

ई-मेल सेवादात्यांनी, जे पत्र पोचवायचे नाही ते संवाद चालू असतानाच पाचशेच्या घरातला संकेतांक आणि माणसाला वाचता येईल असे कारण देऊन नाकारावे. २५० म्हटल्यावर पत्र अदृश्य करू नये. आपल्या वापरकर्त्याने ज्या पत्त्यावर आधी स्वतः पत्र पाठवले आहे, त्या पत्त्यावरून आलेले आणि डीमार्क उत्तीर्ण झालेले उत्तर स्पॅमच्या कप्प्यात टाकू नये. पत्रव्यवहार कोणी सुरू केला याची नोंद आपल्याकडे असते, त्यामुळे यासाठी नवे काही शोधावे लागणार नाही. ओळख सिद्ध करणाऱ्या डोमेनची पत त्याच्या स्वतःच्या वागणुकीवरून ठरवावी, शेजारच्या आयपी पत्त्यांवरून नव्हे. आणि पत्रे थोडी असली तरी निदान ‘अडवलेले आहे’ किंवा ‘नाही’ एवढे त्या डोमेनच्या मालकाला पाहता यावे. पोस्टमास्टरच्या पत्त्यावर आलेली चौकशी जाहीर केलेल्या मुदतीत माणसाने वाचावी. आपल्या खात्यांवरून होणाऱ्या स्पॅमच्या तक्रारी लहान सर्व्हरकडून आल्या तरी त्यांवर काय केले ते कळवावे.

इंटरनेट कंपन्यांनी, मागणाऱ्या घरगुती ग्राहकाला पोर्ट २५ उघडून द्यावे आणि गैरवापर झाल्यास ते पुन्हा बंद करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवावा. स्थिर पत्ता घेतलेल्या ग्राहकाला पीटीआर नोंद त्याच दरात मिळावी. कोणते पोर्ट बंद आहेत आणि सार्वजनिक पत्ता मिळेल की सामायिक, हे जोडणी विकण्याआधी लिहून द्यावे. बंद पोर्टवरची जोडणी गिळून न टाकता स्पष्ट नाकारावी.

काळ्या याद्यांनी प्रत्येक नोंदीमागचे कारण आणि वेळ दाखवावी, आणि एकट्या पत्त्याची नोंद काढण्यासाठी पैसे घेऊ नयेत.

यांपैकी जी मागणी मान्य नसेल, तिचे कारण जाहीरपणे कळवावे. उत्तर ई-मेलने पाठवले तरी चालेल; माझ्या डोमेनच्या पोस्टमास्टरच्या पत्त्यावर ते पोचेल.

कळावे.

आपली नम्र,
घरच्या मेल सर्व्हरची एक चालक